ज्युरी ड्युटी लागलीये? "ओपन माइंड ठेवा" म्हणजे नेमकं काय करायचं ते आधी वाचा

अमेरिकेत सिटिझन झालात, मतदार यादीत नाव गेलं, की कधी ना कधी कौंटी कोर्टाचं नाहीतर फेडरल कोर्टाचं समन्स घरी येतंच. आणि आपल्या लोकांचा पहिला प्रश्न असतो की यातून सुटायचं कसं. त्याचे सल्ले कुठल्याही पॉटलकला मिळतात म्हणून ते इथे लिहीत नाही. मला लिहायचंय ते असं की समजा नाही सुटलात, बारा जणांत बसलात, समोर एक माणूस आहे ज्याचं पुढचं आयुष्य तुमच्या हो-नाहीवर अवलंबून आहे, तर तुमच्याच डोक्याने तुम्हाला गंडवू नये म्हणून काय करता येतं. जज सांगतात ओपन माइंड ठेवा, शेवटपर्यंत मत बनवू नका. बरोबरच आहे, पण ते करायचं कसं हे फारसं कोणी सांगत नाही आणि खरी मेख तिथेच आहे.

कागदोपत्री गोष्टी पटकन सांगतो. ग्रीन कार्डवर असाल तर ज्युरीत बसता येत नाही, फॉर्मवर नागरिक नाही असं स्पष्ट लिहून परत पाठवा, दुर्लक्ष करू नका. फेडरल कोर्टात दिवसाला ५० डॉलर मिळतात, राज्यांच्या कोर्टात बऱ्याचदा त्याहून बरेच कमी. फेडरल ज्युरीवर गेलात म्हणून कंपनी तुम्हाला काढू शकत नाही, बहुतेक राज्यांतही तसाच कायदा आहे. बस, बाकी सगळं समन्सवर असतं.

आपल्याला ज्युरी म्हटलं की दोन खटले आठवतात. एक १९०८ चा टिळकांचा, नऊ जणांची ज्युरी, सात युरोपियन आणि दोन पारशी, केसरीतले लेख मराठीत आणि ज्युरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं, निकाल सात विरुद्ध दोन. दुसरा नौदल अधिकारी नानावटीचा, १९५९, बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा, ब्लिट्झ साप्ताहिकाने नानावटीच्या बाजूने रान उठवलं होतं, कोर्टाबाहेर गर्दी, आणि ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, मग सेशन्स जजने केस हायकोर्टाकडे पाठवली, हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. नानावटीमुळेच भारतातली ज्युरी गेली असं सगळीकडे वाचायला मिळतं पण ते इतकं सरळ नाहीये, पद्धत आधीपासूनच आटत चालली होती आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर पूर्ण संपली. या दोन खटल्यांमधले ज्युरर काही दुष्ट लोक होते असं मला वाटत नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांना आपण न्यायच करतोय असं वाटत असणार, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त घाबरवते.

नुसतं ठरवून होत नाही

१९८४ मध्ये लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. फाशीच्या शिक्षेबद्दल ठाम मत असलेल्या लोकांना दोन्ही बाजूंचे अभ्यास वाचायला दिले. काही जणांना बजावून सांगितलं की अगदी न्यायाधीशासारखं निष्पक्ष राहून वाचा. काही फरक पडला नाही, आपल्या बाजूचा अभ्यास त्यांना दमदार वाटला आणि विरुद्ध बाजूचा तकलादू, जसं आधी होतं तसंच. दुसऱ्या गटाला वेगळं सांगितलं, प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा की याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निकाल बरोबर उलटा आला असता तरी मी त्याला हेच मार्क दिले असते का. या गटाचा पक्षपात मात्र खरंच कमी झाला.

माझ्या मते ज्युरीत बसणाऱ्या माणसाला एवढी एक गोष्ट माहीत असली तरी निम्मं काम झालं. मनाशी निश्चय करून बायस जात नाही, काहीतरी ठोस कृती करावी लागते, वहीत लिहावं लागतं, प्रश्न उलटा करून विचारावा लागतो. पुढे जे सांगतोय ते सगळं याच प्रकारचं आहे.

सिलेक्शनच्या वेळी: "मी फेअर राहीन" म्हणण्याआधी थांबा

ज्युरी निवडताना जज आणि वकील प्रश्न विचारतात, तुमच्या घरात कोणी पोलीस आहे का, तुमच्याकडे कधी चोरी झालीये का, या केसबद्दल काही वाचलंय का. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, हे सगळं बाजूला ठेवून तुम्ही निष्पक्ष राहू शकाल का? सगळे हो म्हणतात, आणि खोटं बोलतात असंही नाही, त्यांना मनापासून तसं वाटत असतं.

इंडियानातल्या लेस्ली अर्विन नावाच्या माणसाची केस १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली. गावातल्या पेपर-रेडिओने त्याला आधीच खुनी ठरवून टाकलं होतं आणि बारा ज्युररपैकी आठ जणांनी निवडीच्या वेळीच सांगितलं होतं की आम्हाला तो दोषी वाटतो, पण तरी आम्ही फेअर राहू. सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, नव्याने खटला चालवा म्हणून. स्वतःचा बायस स्वतःला दिसत नाही हे एमिली प्रोनिन यांनी पुढे संशोधनातूनही दाखवलं, लोकांना विचारलं तर बहुतेक जण म्हणतात की सरासरी माणसाच्या मानाने माझ्यात पूर्वग्रह कमीच आहेत.

म्हणून "मी फेअर आहे का" हा प्रश्न स्वतःला विचारूच नका, त्याचं उत्तर कायम हो येणार. त्याऐवजी असं विचारा की आरोपीच्या जागी माझा भाऊ असता तर माझ्यासारखा अनुभव असलेला माणूस ज्युरीत बसलेला मला चालला असता का? उत्तर नाही आलं तर जजला सांगा. घरात चोरी झाली असेल, नात्यातलं कोणी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवलेलं असेल, तर ते सगळ्यांसमोर बोलायचं नसल्यास बाजूला येऊन सांगू का असं विचारता येतं.

आरोपी देसी असेल तर जास्तच जपून. मॉक ज्युरीच्या (प्रयोगासाठी बसवलेल्या नकली ज्युरीच्या) प्रयोगांमध्ये असं दिसलंय की आरोपी आपल्यातला असला आणि पुरावा कच्चा असला की लोक त्याला सांभाळून घेतात, आणि पुरावा पक्का असला की काही वेळा उलट जास्तच कडक होतात. याने आपल्या लोकांची मान खाली घातली हा राग ओळखीचा आहे ना? तो राग पुरावा नाहीये.

केस ऐकताना: डोक्यात स्टोरी तयार होते, तिच्यावर लक्ष ठेवा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

आपल्याला वाटतं की ज्युरर पुरावे एकेक करून तराजूत टाकतो आणि शेवटी पारडं बघतो. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी यांनी ऐंशीच्या दशकात दाखवलं की असं काही होत नाही. माणूस ऐकता ऐकता एक गोष्ट रचत जातो, कोणी काय केलं आणि का केलं, आणि मग ती गोष्ट कुठल्या गुन्ह्याच्या व्याख्येत बसते ते बघतो. पुराव्यात जिथे मोकळी जागा असते ती आपल्या अनुभवातून, सिनेमातून, ऐकीव गोष्टींतून भरून काढतो, आणि हे भरलेलं कुठलं आणि साक्षीदाराने सांगितलेलं कुठलं हे नंतर त्यालाच वेगळं करता येत नाही.

त्यांनी वापरलेली एक केस घ्या. दुपारी बारमध्ये जॉन्सन आणि कॉल्डवेल यांचं भांडण होतं, कॉल्डवेल रेझर काढून धमकावतो. जॉन्सन निघून जातो. संध्याकाळी मित्राबरोबर परत त्याच बारमध्ये येतो, खिशात मासेमारीचा चाकू आहे. दोघं बाहेर जातात, मारामारी होते, कॉल्डवेल ठोसा मारतो, चाकू लागतो आणि कॉल्डवेल मरतो. एवढ्यावर एक ज्युरर म्हणतो की अपमान सहन न झाल्यामुळे जॉन्सन चाकू घेऊन बदला घ्यायला आला, हा ठरवून केलेला खून. दुसरा म्हणतो चाकू तो नेहमीच बाळगायचा, मित्राने आग्रह केला म्हणून आला, समोरच्याने आधी हात उचलला आणि याने जीव वाचवायला चाकू काढला. पुरावा दोघांनी एकच ऐकलाय. "बदला घ्यायला" हे शब्द एकाही साक्षीदाराच्या तोंडी नाहीत, ते ज्युररच्या डोक्यातून आलेत.

आणि हे बघा, १९८८ च्या प्रयोगात त्यांनी पुरावा तोच ठेवून फक्त क्रम बदलला. सरकारी वकिलाचा पुरावा घटना घडल्या त्या क्रमाने, म्हणजे सलग गोष्टीसारखा, आणि बचावाचा साक्षीदारांच्या क्रमाने विस्कळीत, असं ऐकवलं तेव्हा ७८ टक्के लोकांनी दोषी ठरवलं. उलट केलं, बचावाची गोष्ट सलग आणि सरकारची विस्कळीत, तर ३१ टक्के. त्याच केसमध्ये एक माणूस जेलमध्ये जातो नाहीतर घरी जातो, आणि फरक काय तर मांडणीचा!

म्हणून करायचं काय. कोर्टाने वही दिली असेल (बऱ्याच ठिकाणी देतात, नाही दिली तर नोट्स घेता येतील का हे विचारा) तर पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे साक्षीदाराने स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहायचं, "संध्याकाळी परत आला, चाकू खिशात". उजवीकडे तुमच्या मनात आलेलं, "बदला?" आणि पुढे प्रश्नचिन्ह. दिवसाअखेर उजवी बाजू वाचून काढा, तुमच्या गोष्टीचा किती भाग तुमच्या घरचा आहे ते डोळ्यांसमोर येतं. वही कोर्टातच ठेवून जायची असते, घरी न्यायची नाही.

दुसरं, सरकारी पक्षाचे साक्षीदार संपले की बचावाची बाजू सुरू व्हायच्या आत स्वतः एक दुसरी गोष्ट लिहून बघा, हेच सगळे पुरावे धरून पण माणूस निर्दोष आहे असं मानून. चार ओळी पुरे. लक्षात ठेवा की बचाव पक्षाने काहीही सिद्ध करायचं नसतं, ते एकही साक्षीदार न आणता गप्प बसू शकतात आणि आरोपीने साक्ष दिली नाही तर त्याचा अर्थ काढायचा नाही असं जज सांगतात. अशा केसमध्ये दुसरी गोष्ट तुम्हाला कोणी आयती सांगणार नाही. आणि आपल्याकडे आग असल्याशिवाय धूर निघत नाही असं म्हणायची जी सवय आहे ना, ती कोर्टाच्या दारात सोडून या. पोलिसांनी पकडलं, सरकारने केस केली, हा धूरसुद्धा नाही, ती फक्त खटल्याची सुरुवात आहे.

साक्षीदार खात्रीने सांगतोय म्हणून

कान आणि डोळे यांत चार बोटांचं अंतर असतं, ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं खरं असं आपण मानतो, आणि ज्युरीही तेच मानते. पण डीएनए तपासणीमुळे नंतर निर्दोष सुटलेल्या अमेरिकन लोकांच्या केसेस बघितल्या तर दहातल्या साधारण सात केसेसमध्ये डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता.

नॉर्थ कॅरोलिनातली रोनाल्ड कॉटनची केस घ्या. १९८४ मध्ये एका तरुणीवर तिच्या घरात घुसून बलात्कार झाला, तिने त्या अवस्थेतही मुद्दाम हल्लेखोराचा चेहरा नीट बघून ठेवला. मग फोटोंमधून कॉटनला निवडलं, नंतर प्रत्यक्ष ओळखपरेडमध्येही त्यालाच, आणि पोलिसांनी तिला सांगितलं की फोटोतही तू हाच निवडला होतास. कोर्टात ती शंभर टक्के खात्रीने बोलली. एका ज्युरीने दोषी ठरवलं, अपिलानंतर दुसरी ज्युरी बसली, तिनेही दोषी ठरवलं. १९९५ मध्ये डीएनएने सिद्ध झालं की गुन्हेगार दुसराच होता, कॉटनची दहा वर्षं जेलमध्ये गेली होती. ती खोटं बोलत नव्हती हो. तिची आठवणच बदलली होती, आणि "बरोबर ओळखलंस" या शब्दांनी खात्री वाढते हे पुढे प्रयोगांतही दिसलं.

तेव्हा साक्षीदार आज किती ठाम आहे हे नका बघू, पहिल्यांदा ओळखलं तेव्हा किती ठाम होता ते नोंदवा. मग बाकीचं, उजेड किती होता, अंतर किती, किती सेकंद पाहिलं, हातात हत्यार होतं का (माणसाची नजर हत्याराकडे खेचली जाते, चेहऱ्याकडे नाही), दोघांचा वंश वेगळा होता का, मध्ये किती दिवस गेले. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने २०११ च्या हेंडरसन केसमध्ये हे सगळं मान्य केलं आणि तिथे ज्युरीला याबद्दल सविस्तर सूचना दिल्या जातात. एडिसन, पार्सिपनीतल्या मंडळींना त्या ऐकायला मिळतील, तुमच्या राज्यात नसतील तरी हे प्रश्न तुम्ही मनात विचारूच शकता.

"तो नजर चुकवत होता, नक्की खोटं बोलतोय" हे चर्चेत हमखास ऐकू येतं. माणसं खोटं-खरं ओळखण्यात किती पटाईत असतात यावरचे शेकडो अभ्यास बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये एकत्र केले, सरासरी निघाली ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०. त्यात दुभाष्यामार्फत बोलणारा, वयस्कर, घाबरलेला, वेगळ्या संस्कृतीतला माणूस असेल तर देहबोली वाचायच्या भानगडीत पडूच नका, मोठ्यांच्या नजरेला नजर न देणं हा आपल्याकडे आदर असतो हे तुम्हाला त्या खोलीतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त चांगलं माहितीये, तर ते सांगा. त्याच्या बोलण्याला दुसऱ्या कशाचा आधार मिळतो का, फोन रेकॉर्ड, बिल, कॅमेरा, तेवढं तपासा.

कबुलीजबाबाचं तसंच. न केलेला गुन्हा कोण कबूल करेल असं आपल्याला वाटतं. १९८९ च्या न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बलात्काराच्या केसमध्ये चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांनी तासन्‌तास चौकशीनंतर कबुली दिली, दोन ज्युरींनी मिळून पाच जणांना दोषी ठरवलं, आणि २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराच्या कबुलीने आणि डीएनएने त्या सगळ्यांच्या शिक्षा रद्द झाल्या. कबुलीत असं काही आहे का जे पोलिसांना आधी माहीत नव्हतं आणि नंतर खरं निघालं? हा एकच प्रश्न धरून ठेवा.

आकडे

ब्रिटनमध्ये सॅली क्लार्क नावाच्या बाईंची दोन बाळं दगावली, १९९९ मध्ये ज्युरीने दहा विरुद्ध दोन मतांनी तिला खुनी ठरवलं. एका नामांकित डॉक्टरने साक्षीत सांगितलं होतं की अशा घरात दोन बाळं नैसर्गिकरीत्या दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. हा आकडा कसा काढला? एका बाळाची शक्यता ८,५४३ मध्ये एक, त्याला त्यानेच गुणलं. पण एकाच घरातली दोन भावंडं, एकच जनुकं, एकच घर, म्हणजे एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं धरताच येत नाही. आणि त्याहून मोठी गफलत अशी की घटना दुर्मिळ आहे म्हणजे बाई दोषी असं होत नाही, आईने दोन बाळांचा खून करणं हेही फार दुर्मिळ आहे, तुलना त्या दोघांची करायला हवी. २००३ मध्ये ती सुटली.

आपल्यात इंजिनिअर, आयटीवाले, अकाउंटंट खूप. खोलीत असा आकडा आला आणि सगळे गप्प झाले तर तुम्ही बोललंच पाहिजे. विचारायचं इतकंच, हा आकडा नेमक्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? आरोपी निर्दोष असेल तर हा पुरावा दिसण्याची शक्यता, का हा पुरावा दिसला तर आरोपी निर्दोष असण्याची शक्यता? दोन्ही वेगळे आहेत.

सिव्हिल केस असेल तर नुकसानभरपाईचा आकडा ठरवावा लागतो, तिथे दुसराच सापळा. साडीच्या दुकानात दुकानदाराने तीन हजार सांगितले की आपण दोन हजारांत घेऊन खूश होतो, तीच साडी बाराशेने सुरू झाली असती तर दोन हजार कधीच दिले नसते. वकिलाने मागितलेली रक्कम अगदी तशी काम करते. चॅपमन आणि बॉर्नस्टाइन यांनी १९९६ मध्ये एकाच केसमध्ये मागणी शंभर डॉलरपासून एक अब्ज डॉलरपर्यंत बदलून बघितली, आणि मागणी जितकी वाढली तितकी मॉक ज्युररांनी दिलेली रक्कम वाढत गेली. यावर उपाय म्हणजे रक्कम खालून वर बांधत जा. हॉस्पिटलची बिलं, बुडालेला पगार, पुढचे उपचार असं कागदावर मांडा, मग त्रासाची भरपाई वेगळी, आणि स्वतःचा आकडा इतरांचे ऐकायच्या आधी लिहून ठेवा. फक्त एक, सगळ्यांच्या आकड्यांची सरासरी जी येईल ती मान्य असं आधीच ठरवून टाकणं चालत नाही, त्यावरून निकाल रद्द होऊ शकतो.

निष्काळजीपणाच्या केसमध्ये "आधीच कळायला हवं होतं" हे वाक्य जपून वापरा. कामिन आणि रॅचलिन्स्की यांच्या प्रयोगात एका गटाला विचारलं की पुराच्या धोक्यासाठी खर्च करावा का, चारातले तीन जण म्हणाले गरज नाही. दुसऱ्या गटाला पूर आला असं सांगून विचारलं, तर निम्म्याहून जास्त लोक म्हणाले खर्च न करणं हा निष्काळजीपणाच. अपघाताच्या आदल्या दिवशी त्या माणसाच्या हातात काय माहिती होती तेवढीच यादी करा आणि त्या यादीवरच निर्णय घ्या.

ऐकलेलं विसरा असं जज म्हणाले तर

विसरता येत नाही, हे मान्य करून पुढे जा. कॅसिन आणि सॉमर्स यांनी दाखवलंय की पुरावा अविश्वसनीय म्हणून वगळला असं कळलं तर लोक तो सोडून देतात, पण बेकायदेशीरपणे मिळवला म्हणून वगळला तर तो मनात काम करतच राहतो, कारण आपल्याला वाटतं खरं तर आहे ना. अशा वेळी वहीत त्या पुराव्याशिवायची केस लिहून बघा, तेवढ्यावर दोषी ठरवता येतं का. आणि गुगल करू नका, आरोपीचं नाव शोधू नका, गुगल मॅपवर ती गल्ली बघू नका, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका, एका ज्युररच्या सर्चमुळे अख्खा खटला पुन्हा चालवावा लागू शकतो.

बंद खोलीत

दार बंद झालं की पहिल्या दहा मिनिटांत दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही घाईत घडतात. कोणीतरी फोरपर्सन, म्हणजे ज्युरीचा प्रमुख, होतं, बहुतेक वेळा जो आधी बोलतो किंवा टेबलाच्या टोकाला बसलाय तो. आणि कोणीतरी म्हणतं, चला आधी हात वर करून बघू कोण कुठे आहे.

हा हात वर करायचा कार्यक्रम थांबवा. शिकागो विद्यापीठाच्या कॅल्व्हन आणि झायसेल यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दहातल्या नऊ केसेसमध्ये पहिल्या मतदानात जिकडे बहुमत तोच शेवटी निकाल लागला होता. पहिलं मतदान लवकर झालं की लोक आपापल्या बाजूला चिकटतात आणि मग पुरावा फक्त दुसऱ्याला हरवायला वापरतात. हेस्टी आणि मंडळींनी मॉक ज्युरींमध्ये दोन तऱ्हा बघितल्या, निकालापासून सुरुवात करणाऱ्या आणि पुराव्यापासून सुरुवात करणाऱ्या, दुसऱ्या प्रकारच्यांना वेळ जास्त लागला पण चर्चा जास्त सखोल झाली. तेव्हा तुम्ही नम्रपणे असं सुचवा, "मत नंतर देऊया, आधी प्रत्येकाने आपल्याला महत्त्वाचा वाटलेला एक पुरावा सांगायचा, निकाल नाही सांगायचा." एक राउंड झाला की जजने दिलेल्या लेखी सूचना काढा, गुन्ह्याचे घटक एकेक करून घ्या, प्रत्येक घटकासमोर कुठला पुरावा आहे ते फळ्यावर लिहा. मग मतदान, आणि तेही चिठ्ठीने.

आपल्या लोकांची यात एक अडचण असते, अॅक्सेंट आहे, समोर कोणी निवृत्त पोलीस, कोणी डॉक्टर, कोणी जोरात बोलणारा, मग आपण कशाला बोला. कृपा करून असं करू नका. सॅम्युअल सॉमर्स यांनी २००६ मध्ये गोऱ्या-काळ्या मिश्र मॉक ज्युरी आणि सगळ्या गोऱ्यांच्या ज्युरी यांची तुलना केली, मिश्र ज्युरींनी जास्त वेळ चर्चा केली, जास्त तथ्यं मांडली, चुका कमी केल्या, आणि विशेष म्हणजे त्यातल्या गोऱ्या ज्युररांचंही काम सुधारलं. वेगळा माणूस नुसता खोलीत असला तरी बाकीचे जास्त नीट विचार करतात, मग तुम्ही बोललात तर किती फरक पडेल.

एकटे पडलात तर? सॉलोमन अॅश यांचे पन्नासच्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत, समोर दिसणाऱ्या रेघेची लांबीसुद्धा बाकी सगळ्यांनी चुकीची सांगितली की चारातले तीन जण एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळतात. पण एक जरी साथीदार मिळाला तरी हा दबाव झपाट्याने कमी होतो. त्यामुळे स्वतःला शंका असेल तर बोला, आणि दुसरं कोणी एकटं पडलंय असं दिसलं तर तुम्ही त्याच्या मताचे नसलात तरी "त्यांचं पूर्ण ऐकून घेऊया" एवढं म्हणा. ऐकावे जनाचे करावे मनाचे हे इथे शब्दशः लागू आहे, फक्त ऐकावे जनाचे हा भागही खरा पाळायचा, नवीन मुद्द्याने मत बदललं तर बदलू द्या. शुक्रवारची संध्याकाळ झालीये, सगळ्यांना घरी जायचंय, हा मुद्दा नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रामोस निकालानंतर गंभीर फौजदारी खटल्यात सगळ्या राज्यांत एकमत लागतं, त्याआधी लुइझियाना आणि ओरेगनमध्ये दहा-दोनवर दोषी ठरवता यायचं. म्हणजे तुमच्या एका मताला आता पूर्ण वजन आहे. एकमत झालंच नाही तर ज्युरी हंग होते, सरकार वाटल्यास पुन्हा खटला चालवतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शेवटचं, खोलीत कोणी आरोपीच्या किंवा साक्षीदाराच्या वंशावरून बोललं तर तिथेच हटका, आणि थांबत नसेल तर फोरपर्सनमार्फत किंवा स्वतः चिठ्ठी लिहून बेलिफकडे (ज्युरीची व्यवस्था बघणाऱ्या कोर्ट कर्मचाऱ्याकडे) द्या, ती जजपर्यंत जाते, फक्त मतं किती-किती पडलीत ते चिठ्ठीत लिहू नका. कोलोरॅडोतल्या पेन्या-रॉड्रिगेझच्या केसमध्ये एक ज्युरर चर्चेत म्हणाला होता की मेक्सिकन पुरुष असेच असतात, आणि बाकीच्यांपैकी दोघांनी ते निकालानंतर बचावाच्या वकिलांना सांगितलं. चर्चेतलं बोलणं कोर्टात वापरता येत नाही हा जुना नियम आड आला, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१७ मध्ये कोर्टाने म्हटलं की उघड वांशिक पूर्वग्रह असेल तर हा नियम बाजूला ठेवता येतो. त्या दोघांनी तोंड उघडलं म्हणून निदान तिथवर पोचलं, पण निकालाच्या आधी चिठ्ठी गेली तर जज चौकशी करू शकतात, त्या ज्युररला काढून पर्यायी ज्युरर बसवू शकतात, म्हणून उशीर करू नका.